डेल्बर्टचा हरवलेला गुन्हा

आमच्या टॉलमन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात लोक येतात ते बहुधा दुसऱ्याची कुंडली काढायला. होणारा जावई, नवा भाडेकरू, बहिणीचा तिसरा नवरा. काही जण आपलाच जुना गुन्हा दिसतो का ते हळूच बघतात, आणि दिसला नाही की खुशीत घरी जातात. डेल्बर्ट शुकमन मात्र त्या दिवशी काउंटरवर टोपी आपटून म्हणाला, "रोझीना, माझा गुन्हा हरवलाय. शोधून दे."

मी इथली कारकून. लोकांच्या भानगडीत नाक खुपसण्याबद्दल सरकार मला पगार देतं आणि ते काम मी मनापासून करते. पण असलं गिऱ्हाईक कधी पाहिलं नव्हतं.

"कुठला गुन्हा?"

"असं काय करतेस? लग्नाच्या नाचात त्या खतवाल्याचा जबडा नाही का मोडला मी? माझ्या गव्हाला तण म्हणाला होता तो."

ते कोणाला ठाऊक नाही! मी तेव्हा शाळेत होते, पण तो ठोसा आमच्याकडे प्रत्येक लग्नात नव्याने सांगितला जातो आणि दर वेळी थोडा मोठा होतो.

डेल्बर्टची अडचण वेगळीच होती. त्याची गेल नावाची मुलगी नशेपायी विचिटा शहरातल्या तुरुंगात होती. तिची सहा वर्षांची ब्रिन सरकारने तात्पुरती परक्यांच्या घरी ठेवली होती. डेल्बर्टने नातीला मागितलं. अर्जात विचारलं होतं, कधी शिक्षा झाली आहे का? याने सरळ लिहिलं, हो. मग याच्या बोटांचे ठसे राज्याच्या पोलिसांकडे गेले आणि उत्तर आलं, या ठशांवर कसलाही गुन्हा नाही.

"मग देवच पावला की!"

"कसला पावतोय! ती मुलांच्या खात्यातली ट्रुहियोबाई म्हणते, न केलेले गुन्हे आठवतात म्हणजे आजोबांचं डोकं फिरायला लागलंय. भ्रमिष्ट म्हाताऱ्याकडे पोर देता येत नाही. महिनाअखेरीला सुनावणी. तोवर कागद नाही मिळाला तर ब्रिनला ओरेगनला पाठवणार, कुणा जोडप्याकडे. ओरेगन, रोझीना! तिथे गहू तरी पिकतो का?"

"पिकतो," मी म्हटलं. मग लिहून घ्यायला वही पुढे ओढली.

त्याच्या पुतण्याने इंटरनेटवर पैसे भरूनही शोध घेतला होता. तिथे चार गुन्हे असलेला एक डेल्बर्ट शुकमन निघाला, वय एकोणतीस, मुक्काम फ्लोरिडा. या माहिती विकणाऱ्या दुकानदारांचा मला भयंकर राग येतो. आमचे जुने खटले कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नाहीत, ते तळघरातल्या खोक्यांत आहेत. शेरीफकडे अटकेची नोंद मिळते, पण अटक म्हणजे शिक्षा नव्हे. पुढे काय झालं हे कोर्टाच्या फायलीतच कळतं, आणि ती काढायला पूर्ण नाव, जन्मतारीख आणि निदान साल तरी लागतं.

"साल कुठलं?"

"गारांनी बीकरांचा गहू झोपवला ना, त्याच्या पुढचं."

आमच्याकडे सालं अशीच सांगतात. त्यावरून मी खोका बरोबर काढला. फाइलची एक कड उंदरांनी खाल्लेली, पण आतला मजकूर शाबूत होता. सरकार विरुद्ध डेल्बर्ट शुकमन. गुन्हा कबूल, दंड भरला, खाली सही. मी जिंकल्यासारखी वर आले आणि उजेडात सही पाहून थबकले. अक्षरं डावीकडे लवलेली. शुकमनांच्यात डावखुरा एकच, धाकटा भाऊ ऑगी. तो धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसतो, त्याच्या सहीची पावती सगळ्या काउंटीच्या खिशात असते.

"डेल्बर्ट, ही सही तुझी नाही."

"कशी असेल? ऑगी गेला होता."

"कुठे?"

"कोर्टात! कापणी चालू होती, पश्चिमेला ढग भरलेले. जज यायचा महिन्यातून एकदा. हार्वेस्टर ऑगीच्या हातात दिला असता तर अर्धा गहू उभाच राहिला असता. त्याला जन्मात सरळ रेघ मारता आलेली नाही. मग त्यालाच पाठवला. म्हटलं, मीच डेल्बर्ट म्हणून सांग, कबूल कर, दंड भर आणि येताना तेलाचा फिल्टर आण."

"आणि कोणी हूं की चूं केलं नाही?"

"अगं, कापणी होती," तो म्हणाला.

त्यापुढे आमच्याकडे खरंच काही विचारायचं उरत नाही. जज परगावचा होता. बाकी सगळे दोघा भावांना चड्डीत असल्यापासून ओळखत होते, पण प्रत्येकाचा स्वतःचा गहू शेतात उभा होता. मला इतकं हसू लोटलं की बाकावर बसावं लागलं. मग एकदम एक गोष्ट डोक्यात आली आणि हसू पळालं.

"शिक्षा झाल्यावर ठसे घेतात. ते कुणाचे घेतले?"

डेल्बर्टने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "ऑगीचेच असणार."

म्हणजे जबडा मोडला डेल्बर्टने आणि तो गुन्हा इतकी वर्षं बसलाय ऑगीच्या बोटांवर. आता मला राहवेना. लिनस बीकर तेव्हाचे शेरीफ, आता नव्वदीला टेकलेत. त्यांना तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला, कारण लिनसना कमी ऐकू येतं आणि ते स्वतः कुजबुजल्यासारखं बोलतात.

"लिनस, ऑगी तुमच्या हाताखाली डेप्युटी व्हायला आला होता ना? नजर कमी म्हणून तुम्ही घेतला नाहीत तो?"

पलीकडे लिनस खाकरले.

"नजर त्याची माझ्यापेक्षा चांगली होती, पोरी. ठसे तपासून आले, त्यावर मारामारीची शिक्षा. असा माणूस घेता येत नाही. मी म्हटलं, ऑगी, खरं सांगून टाकू. तर म्हणाला, डेल्बर्टच्या घरी तान्ही गेल आहे, कोर्टाला फसवलं म्हणून त्याला आत टाकतील. लोकांना नजरेचं सांगा. दुसऱ्या दिवशी जाऊन चष्मा घेऊन आला."

"तोच चष्मा? अजून घालतो तो?"

"साधी काच आहे गं. खिडकीला असते तशी."

ऑगीला सरळ रेघ मारता येत नाही हे जगजाहीर, त्यामुळे नजरेच्या गोष्टीवर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मीसुद्धा. माझ्यासारख्या भोचक बाईला हे इतकी वर्षं कळू नये याची मला लाज वाटली. डेल्बर्ट भिंतीला टेकून उभा होता. "लहानपणी आमच्या कुत्र्यालासुद्धा अटक करायचा," तो म्हणाला आणि त्याने टोपीने तोंड झाकलं.

मी फाइलची शिक्का मारलेली नक्कल त्याच्यापुढे ठेवली. "ही ट्रुहियोबाईंना दे. गुन्हा खरा, तुझं डोकं ठिकाणावर, पोर तुझी. सही कोण बघतंय?"

"आणि ऑगीची बोटं?"

"ती मोकळी करायची तर तुला सगळं शपथेवर लिहून द्यावं लागेल. मग कोर्टाला फसवणारा म्हणून पोर हातची जाईल, बघ."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ माझ्या काउंटरवर भांडत होते.

"तू काहीही लिहायचं नाहीस!" ऑगी ओरडला. "माझ्या बोटांना आता कोण विचारतंय? पोर आण घरी."

"तू गप्प बस. आजवर गप्पच होतास, आणखी थोडे दिवस बस," डेल्बर्ट म्हणाला आणि त्याने लिहायला घेतलं. ऑगी चष्मा काढून पुसत राहिला.

सुनावणी नेमकी कापणीत आली. खिडकीतून पश्चिमेला काळं दिसत होतं, तरी कोर्ट भरलं होतं. ट्रुहियोबाई ब्रिनला घेऊन पुढच्या बाकावर. जजबाई शहरातल्या, नव्या. त्यांनी कागद वाचून मान वर केली.

"ऑगस्ट शुकमन कुठे आहेत?"

"हार्वेस्टरवर, जजबाई," डेल्बर्ट म्हणाला.

लोक हसले. जजबाई हसल्या नाहीत. "म्हणजे आजही एक भाऊ शेतात आणि एक इथे. तुम्हीच डेल्बर्ट कशावरून?"

डेल्बर्टने खिसे चाचपले. पाकीट कामाच्या पँटमध्ये राहिलं होतं. तो पांढराफटक पडला. एवढ्यावरून सगळं ओमफस झालं असतं.

तेवढ्यात लिनस काठीवर भार देऊन उठले. "जजबाई, मागच्या वेळी मी इथेच उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. आज सांगतो. हा डेल्बर्टच."

"डेल्बर्टच आहे," मागून एक बाई म्हणाली. मग तिचा नवरा उठला, मग सगळा बाक. कारकुनाने मध्ये बोलायचं नसतं, पण मीही बोलले.

ट्रुहियोबाईंनी विचारलं, "भावाच्या हातात हार्वेस्टर दिलात? तुम्ही तर लिहिलंय, त्यांना सरळ रेघ मारता येत नाही."

"नाही येत. पण या वेळी इथे मीच यायला हवं होतं."

बाईंनी फाइल मिटली. "यांचं डोकं शाबूत आहे, जजबाई. माझी हरकत नाही."

जजबाईंनी डेल्बर्टला चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाल्या, इतक्या जुन्या फसवणुकीवर खटला भरायची मुदत कधीच टळलीय. ऑगीचे ठसे पुन्हा तपासून त्यांच्यावरचा गुन्हा काढायचा आणि ब्रिनने आजोबांकडे जायचं.

मी बीरॉकचा डबा घेऊन त्यांच्या मागोमाग शेतावर गेले. कोबी आणि खिमा भरलेले पाव कापणीत कोणीही देतं, पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. ढग दक्षिणेला सरकला होता. शेतभर वाकडेतिकडे पट्टे उभे होते, जणू कुणी डोळे बांधून कापलं होतं. ऑगी खाली उतरला. त्याचा उघडा चेहरा मला क्षणभर ओळखूच आला नाही.

"चष्मा कुठाय?" डेल्बर्टने विचारलं.

"आता कशाला हवाय?"

डेल्बर्टने त्या पट्ट्यांकडे नजर फिरवली. आयुष्यभर याच पट्ट्यांवरून त्याने भावाला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. त्याने ब्रिनला कडेवर उचललं.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्या ऑगीआजोबांनी किती छान कापलंय."