निर्जंतुक वाफा

वाफा मेला होता, आणि साहेब विचारत होते, "आता कसं स्वच्छ वाटतंय, नाही?"

ती दारातच थबकली. शेडमध्ये ओल्या मातीचा वास यायला हवा होता, तिथे इस्पितळाच्या फरशीचा वास भरला होता. ती तशीच कट्ट्यावर चढली, वाफ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर साल बाहेर काढली. शनिवारपर्यंत उबदार असलेली ती साल गार पडली होती.

"काय टाकलंत यात?"

"जंतुनाशक. दोन कॅन. फवाऱ्याच्या टाकीतच ओतायला सांगितलं, म्हणजे पार तळापर्यंत जाईल." वर शाबासकीची अपेक्षाही होती चेहऱ्यावर!

या साहेबांना सगळे पाठीमागे परीटघडी म्हणत. त्यांच्या सदऱ्यावर सुरकुती कुणी पाहिली नव्हती, आणि कारखान्यातही ती कुठे दिसू नये असा त्यांचा हट्ट होता.

आता वाफा म्हणजे भाजीपाल्याचा नव्हे. छातीइतका खोल सिमेंटचा हौद, त्यात झाडांची साल, लाकडाचे तुकडे आणि मुरलेलं खत. शेजारच्या रंगखान्यात लोखंडी कपाटांवर रंग मारतात. तिथली थिनरची वाफ पंख्याने ओढून, ओलसर करून या हौदाच्या तळाशी सोडतात. सालीला चिकटून राहणारे कोट्यवधी जंतू ती वाफ खातात आणि वर निव्वळ हवा येते. थट्टा नाही, खरोखर खातात. त्यांना ओल लागते, ऊब लागते, आणि रोजचं जेवण वेळेवर लागतं. हे सगळं बघायला कारखान्याने चार वर्षांपूर्वी तिला ठेवलं. रोज सकाळी ती सालीची मूठ दाबून बघे. गोळा झाला आणि बोटांतून एखादाच थेंब आला, की पाणी बरोबर. मग खालच्या हवेत थिनरची वाफ किती, वरच्या हवेत किती, ते मीटरने मोजायचं आणि वहीत लिहायचं. काही उगवत नाही अशा बागेची राखण करते म्हणून रंगखान्यातले लोक तिला माळीणबाई म्हणत. तिची हरकत नव्हती.

त्या वहीनेच घात केला. बुधवारी एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार, म्हणून परीटघडींनी जन्मात पहिल्यांदा ती उघडली. शेवटची ओळ होती, 'जंतूंची तब्येत उत्तम, संख्या वाढते आहे.' झालं! साहेबांना घाम फुटला. कारखान्यात जंतू, तेही वाढताहेत, आणि तेही लेखी! माळीणबाईची रविवारची सुटी गाठून त्यांनी कार्यभाग उरकला. तिला एक फोन करावा, मागचं एक पान उलटून बघावं, एवढंही सुचलं नाही. पान उलटायला वेळ नव्हता, कॅन उलटायला मात्र होता.

तिने मीटर लावलं. खाली तीनशे. वर दोनशे नव्वद. शनिवारी वरचा आकडा बारा होता.

"साहेब, आधी रंगखाना बंद करा. सगळी वाफ सरळ भिंतीपलीकडे चाललीय. लोक राहतात तिकडे."

"बंद? आणि पाहुण्यांना काय रिकामे पंखे दाखवू? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन दिवस नाही, तीन आठवडे लागतील नवे जंतू रुजायला. हा सगळा वाफा मेलाय, कळतंय का तुम्हाला?"

"जंतूच मेले ना, बाई?" साहेबांनी बाहीवरचा एक न दिसणारा कण झटकला. "त्यात एवढं सुतक कशाला? आणि पाहुण्यांसमोर हे रडगाणं नको. गुरुवारी कामावर यायचं असेल तर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पंखा चालूच होता.

भिंतीपलीकडे, अगदी वाफ्याला लागून, तिची मोठी नणंद राहत होती. दम्याने पोखरलेली बाई. वाफा होण्याआधीपासून ताईंनी मागच्या खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. आता हवा चांगली येते असं सांगून ताई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. साडेतीन वर्षं माळीणबाई त्यांच्या मागे लागली होती. शेवटी "माझ्या शब्दावर उघडा" म्हणाली, तेव्हा कुठे पट्टी सुटली. त्या दिवशी ताई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या आणि चहा गार होईपर्यंत नुसता श्वास घेत राहिल्या. मग खिडकीत कुंड्या आल्या. पंधरा दिवसांपूर्वी वाफा खालीवर केला, तेव्हा निघालेली दोन पोती साल तिनेच त्या कुंड्यांत भरून दिली होती.

सोमवारी संध्याकाळी ती गेली, तेव्हा ताई स्टुलावर उभ्या होत्या. हातात चिकटपट्टीचं रीळ.

"आलीस? धर ही कड," ताई म्हणाल्या.

तिने कड धरली. आपल्याच शब्दावर उघडलेली खिडकी तिने आपल्याच हाताने बंद केली. पट्टी लावून झाली. मग तिने सगळं सांगितलं.

"जंतू मारले म्हणून मिरवतोय मेला?" ताईंना बोलताना धाप लागत होती. "आणि माझ्या छातीत शिरतंय ते काय अत्तर आहे?" पुढचं खोकल्यात गेलं. तो खोकला थांबायला बराच वेळ लागला. माळीणबाई त्यांची पाठ चोळत बसली. तिला लाज वाटत होती, आणि ज्याला वाटायला हवी तो घरी आरामात जेवत असेल, याचा संताप येत होता.

बुधवारी पाहुणे आले. दोघे जण, आणि त्यांच्याबरोबर एक चष्मा लावलेली बाई, जी प्रत्येक यंत्रापाशी थांबून खाली वाकून बघत होती. वाफ्यापाशी साहेबांनी हात पसरले.

"हा आमचा हवा शुद्ध करणारा वाफा. संपूर्ण निर्जंतुक!"

चष्मेवाल्या बाईंनी वळून बघितलं. "निर्जंतुक? मग वाफ कोण खातं?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, पाहुणीने विनोद केला. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी माळीणबाईकडे बघितलं, डोळे वटारून. त्या शांततेत भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. लांबलचक, शिट्टी वाजवत जाणारा, मधेच अडकणारा. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"सध्या माझी नणंद खाते," माळीणबाई म्हणाली. "तिकडे राहते ती."

आणि तिने वही त्या बाईंच्या हातात दिली.

दुपारी रंगखाना बंद झाला. कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे, वाफा जिवंत झाल्याशिवाय एकही कपाट घेणार नाही असं चष्मेवाल्या बाई सांगून गेल्या म्हणून. सूचनाफलकावर कागद लागला, 'संबंधितांकडून अनवधानाने चूक झाली.' संबंधित! माणसाला तोंड लपवायला केवढा मोठा शब्द सापडतो!

संध्याकाळी ती ताईंकडे कुंड्या मागायला गेली. मागायचं जिवावर आलं होतं. पण दारातच दोन भरलेली पोती उभी होती, आणि उपटलेली रोपं स्वयंपाकघरात पातेल्यांतून, तांब्यांतून पाण्यात तरंगत होती.

"त्यात तुझे जंतू असतील ना अजून?"

"असतील, ताई. थोडे. तीन आठवड्यांत मी..."

"शब्द देऊ नकोस," ताई म्हणाल्या. "पट्टी कधी काढायची ते माझं मी बघेन. तू आधी त्या शेडला कुलूप लाव."

तिने मेलेला थर उपसून टाकला, वाफा धुऊन काढला, ती पोती नव्या सालीत मिसळली आणि कुलूप लावलं. रंगखाना रोज थोडा वेळच सुरू करायचा, जंतूंना पचेल तेवढाच, हेही तिनेच ठरवलं. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. वहीत तिने एक नवा रकाना आखला. आता वही रोज साहेबांच्या टेबलावर सहीला जायची.

बाराव्या दिवशी वरचा आकडा चाळीसवर आला होता. साहेबांनी पेन उघडलं आणि थांबले.

"हे शेवटच्या रकान्यात रोज 'बंद, बंद' काय लिहिता? पंखा तर चालू आहे."

"माझ्या नणंदेची खिडकी," ती म्हणाली. "खाली सही करा."