अकरा नंबरचं वजन

मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर पेशंटचं नाव लिहून ती अ‍ॅप्रनला चिकटवली, की पेशंटचं वजन आपल्या अंगावर येतं. कुठला पेशंट कोणाचा, हे आमच्या वॉर्डात असंच ठरतं. पेशंट हलका होतो, म्हणून त्याला बँडेजने कॉटला बांधून ठेवायचं. डिस्चार्जच्या दिवशी पट्टी काढून त्याच्या मनगटाला लावायची, मग तो आपलं वजन घेऊन घरी चालत जातो.

प्रोसिजरचंही तेच. ज्याच्या अ‍ॅप्रनवर पट्टी, त्याच्या नावावर प्रोसिजर. त्यामुळे छातीतलं नाहीतर पोटातलं पाणी काढायचा पेशंट आला, की सीनियर लोक गोड बोलून पट्टी मागून नेतात. काम झालं की माझ्या पाठीवर परत चिकटवून जातात. मी रेसिडेंट डॉक्टर, फर्स्ट इयरला आहे. सध्या अख्खा फिमेल वॉर्ड माझ्या अंगावर आहे. खांदे दुखतात. बाकी काही वाटत नाही, आणि त्याचं मला बरंच वाटतं.

अकरा नंबर कॉटची पट्टी निकाळजे सरांनी नेली होती. ते थर्ड इयरला. परीक्षेच्या फॉर्मसाठी त्यांना छातीतलं पाणी काढलेली एक केस कमी पडत होती. त्यांनी पाणी काढलं, खुशीत अ‍ॅप्रन बदलला आणि मळका धोब्याकडे टाकला. पट्टीसकट.

"सर, तुम्हाला एकदम हलकं नाही का वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. मला वाटलं, केसेस पूर्ण झाल्या म्हणून वाटतंय."

मी मागच्या लाँड्रीत गेले. धोबी हौदाशी हात कमरेवर ठेवून उभा होता. पट्टी विरघळली असणार, म्हणाला. कालपासून हौदातली बादली उचलली जात नाही. त्याने मला उचलून बघायला सांगितलं. मी नको म्हटलं. माझं मला पुरे होतं.

अकरा नंबरला आजच घरी सोडायचं होतं. म्हातारीची धाप थांबली होती. ती बँडेजला ताण देत गादीच्या वीतभर वर तरंगत पडली होती. शेजारी स्टुलावर तिची मुलगी बसली होती, आईचं पाऊल मांडीवर घेऊन. आई अ‍ॅडमिट झाल्यापासून ती तिथून फारशी हललीच नव्हती.

"मॅडम, आईला आज सोडता न्हवं? गावाकडची यष्टी चारला हाय."

"वजन सापडत नाही," मी म्हणाले.

"मग तशीच न्हेते. धरते की मी."

"असं सोडता येत नाही. वाटेत हातातून सुटली तर जबाबदारी कोणाची?"

तेवढ्यात वाघमारे सिस्टर आल्या. बाहेर नवीन पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत होता. "डॉक्टर, अकरा नंबर रिकामा करा हो. नवी पट्टी करून टाका, घोळ घालू नका."

मी मायक्रोपोर फाडला. म्हातारीचं नाव मला येत नव्हतं. सगळेच तिला अकरा नंबर म्हणायचे, आणि तिचा केस पेपर सरांनी फॉर्मला जोडायला नेला होता. मी पेन उघडलं.

"नाव सांगा," मी वर न बघता म्हटलं.

मुलीने एकदा आईकडे बघितलं.

"सिंधू भानुदास खिलारे," मुलगी म्हणाली.

"अगं, ते तर..." म्हातारी कॉटवरून म्हणाली.

"आजी, बोलू नका, परत धाप लागेल," मी म्हटलं.

पट्टी अ‍ॅप्रनला लावली तसं वजन आलं. म्हातारीच्या मानाने जरा जास्तच होतं, पण आलं हे महत्त्वाचं. मी पट्टी काढून म्हातारीच्या मनगटाला लावली. ती धपकन गादीवर पडली, कॉट करकरली. सिस्टरांनी बँडेज कापलं. मी सही केली आणि बारा नंबरकडे वळले. मागे स्टूल आडवं झाल्याचा आवाज आला. मी बघितलं नाही.

मग निकाळजे सर आले आणि माझ्या पाठीवर नवीन पेशंट चिकटवून गेले. ती बाई वजनदार होती. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. खाली गेट आहे.

म्हातारी गेटकडे चालली होती. चांगली जड पावलं टाकत होती. एका हातात कपड्यांची पिशवी. दुसरा हात डोक्याच्या वर, आणि त्या हातात मुलीचा घोटा. मुलगी वाऱ्यावर आडवी झाली होती आणि पदर सावरत होती.

'पेशंटचं नाव' असं विचारायला हवं होतं. आम्ही नुसतं 'नाव सांगा' म्हणतो आणि लिहितो. मुलीने स्वतःचं नाव चुकून सांगितलं की मुद्दाम, मला माहीत नाही. मला भीती वाटली.

धावायचं म्हणून मी पाय उचलायला गेले. वॉर्डातल्या सगळ्या बायका माझ्या पायात होत्या. पाय उचलेना. मग हाक मारायला तोंड उघडलं.

"अकरा नंबर!" मी ओरडले.

"काय ओ मॅडम?" माझ्या मागून, त्याच कॉटवरून, नवीन बाईने विचारलं.

खाली वॉचमनने म्हातारीला अडवलं होतं. तो गेटपास मागत होता. वर काय आहे ते बघायचं काम त्याचं नसतं. म्हातारीने पिशवी खाली ठेवली आणि पास काढायला मोकळ्या हाताने कमरेचा बटवा काढला. नाडीची गाठ घट्ट बसली होती. तिने ती नखाने ओढली, मग दाताने ओढली. मागे लोक खोळंबले.

"आजी," वॉचमन म्हणाला, "दोन्ही हात लावा की."

म्हातारीने गाठीकडे बघितलं, मग वर मुलीकडे बघितलं.