सगळ्यांत वरची गोळी

कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा शांताबाईंना कूस बदलणंही जमेना. मुलगी शालू त्यांना कल्याणहून ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन लिहून दिलं आणि शालूला समोर बसवलं.

"किती सवय लागते त्यावरून या औषधांच्या पायऱ्या ठरतात. काही नुसत्या चिठ्ठीवर मिळतात, काहींची दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. ही सगळ्यांत वरची, साध्या मेडिकलात मिळायची नाही. कुलपात ठेवा. घरी कोण असतं?"

"मी आणि भाऊ."

भावाचं पुढचं शालूने गिळलं. रत्नदीपची सुरुवात खोकल्याच्या औषधाने झालेली. मग झोपेच्या गोळ्या आल्या, वागळे इस्टेटमधली नोकरी गेली. व्यसनमुक्ती केंद्रातूनही तो पळून आलेला.

कपाटाची किल्ली शालूने गळ्यात घातली. कामावर जाताना ती आईला गोळी द्यायची, तरी आईचं कण्हणं थांबेना. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. फरक शून्य. रत्नदीप मात्र निवळला. जेवायला लागला, आईचे पाय चेपायला लागला. पोरगा सुधारतोय, असं शालूला वाटलं.

एका सकाळी डबा विसरला म्हणून ती जिन्यातून परत फिरली. आई गालातली गोळी पदरात काढत होती. रत्नदीप हात पसरून उभा होता.

"आई!"

"माझं काय गं, मी आज आहे, उद्या नाही. तो तडफडतो ते बघवत नाही मला."

"आणि तू तडफडतेस ते?"

शांताबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून शालू गोळी कुटून पाण्यातून चमच्याने पाजायला लागली. आई शांत झोपली. रत्नदीप दारावर डोकं आपटत राहिला. "ताई, अर्धी दे गं. फक्त अर्धी."

तिने दिली नाही. तो घराबाहेर पडला. पुढच्या आठवड्यात पोलिसांचा फोन आला. कोलशेतला खाडीकाठी रत्नदीप मेलेला सापडला होता, दंडात सुई तशीच.

शांताबाई रडल्या नाहीत. चमचा ओठांशी आला की दात आवळून घ्यायच्या. शालूने विनवण्या केल्या, पायांवर डोकं ठेवलं. किंकाळ्या शेजारपाजारी ऐकू जायच्या, पण औषधासाठी तोंड काही उघडलं नाही. तशाच गेल्या.

उरलेल्या गोळ्या शालू हॉस्पिटलात परत करायला गेली.

"इतक्या उरल्या?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे शेवटी फार त्रास झाला नाही ना त्यांना?"

"नाही," शालू म्हणाली.