पंप परत केला त्या दिवशी

बोट जाणार हे नक्की झाल्यावर राखणदाराने पहिल्यांदा गादी देऊन टाकली, गेटवरच्या पहारेकऱ्याला. मग शेगडी कँटीनवाल्या बाईला दिली. उरलं ते एका पिशवीत मावलं. इतकी वर्षं एका जागी काढली आणि शेवटी एकच पिशवी! पण त्याला त्याचं दुःख नव्हतं, उलट हायसं वाटत होतं.

"या खेपेला तरी नक्की ना, घरजावई?" पहारेकऱ्याने गादी खांद्यावर घेत विचारलं. "नाहीतर परत मागायला याल."

"तोंड सांभाळून बोल," राखणदार म्हणाला, पण हसून.

अख्खी गोदी त्याला घरजावई म्हणायची. नौदलाने सेवेतून काढलेली ती जुनी युद्धनौका जेट्टीच्या टोकाला बांधली, तेव्हापासून हा तिच्याशेजारच्या खोलीत राहत होता. तिच्या तोफा केव्हाच काढून नेल्या होत्या. मग दुसऱ्या बोटींना लागेल तसं कुणी झडपा नेल्या, कुणी दरवाजे नेले, एकाने तर स्वयंपाकघरातलं सिंकसुद्धा उचकटून नेलं. पुढे तिचं नावही खरवडून काढलं. राहिला गंज, राहिली कबुतरं आणि राहिला हा.

दर वर्षी वरून निरोप यायचा, यंदा मोडीत जाणार. आणि दर वर्षी कुठंतरी घोडं अडायचं. एकदा घेणाऱ्यानेच हात वर केले. एकदा तिच्या पोटातला विषारी कचरा कुणी काढायचा यावरून दोन खात्यांची जुंपली. एकदा म्हणे तिचं संग्रहालय करणार होते. चार कोटवाले आले, फोटो काढले, चहा प्यायले आणि जे गेले ते गेले! वैताग नुसता.

आणि बांधून ठेवलेली बोट म्हणजे काही अंगणातली खाट नव्हे. तिच्या बुडातून पाणी झिरपतं. रोज सकाळी पंप लावून ते उपसावं लागतं, नाहीतर ती बांधल्या जागी बसते. राखणदाराचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पण बदली म्हणून जो येई तो महिन्याभरात पाय काढता घेई, आणि ऑफिसातून फोन येई, "बोट जाईपर्यंत तेवढं बघा की." हा बघत राहिला.

बायको मात्र कंटाळली. दोन वर्षं तिने त्या खोलीत काढली आणि मग लेकीकडे निघून गेली. बोटीला ती सवत म्हणायची. "काय म्हणते माझी सवत? अजून नांदतेय का?" असं म्हणून फोनवर जी सुरू व्हायची ती पार जीव दमेपर्यंत. राखणदार फोन कानापासून लांब धरून ऐकायचा. खरं सांगायचं तर त्याला ते भांडण आवडायचं. दिवसभरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

गेल्या आठवड्यात मात्र ती भांडली नाही.

"लेकीच्या कपाटातला एक कप्पा तुमच्यासाठी रिकामा केलाय," ती म्हणाली. "दर वर्षी करते आणि दर वर्षी परत भरते. आता माझ्यात दम नाही राहिला. या खेपेला आलात तर आलात. नाही आलात तर भांडणार नाही, पण वाटही बघणार नाही."

"येतो गं," तो म्हणाला. "आता काही अडायचं राहिलेलंच नाही."

आणि खरंच काही अडलं नव्हतं. सर्व्हेअर बाई येऊन बोट खालपासून वरपर्यंत तपासून गेल्या होत्या. त्या यायच्या आधी त्याने नेहमीसारखा पंप चालवून बूड कोरडं केलं होतं, पाहुणे यायचे म्हणून आपण केर काढतो तसं. "पाणी कितपत येतं?" बाईंनी विचारलं. "येतं थोडं, नेहमीचं," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याला तेवढंच माहीत होतं.

बोट ताब्यात देण्याचं ठरलं तसा पंप गोदामात परत गेला. तो गोदामाचा होता, ठेवून घेता येईना. ओढून न्यायला टगबोटही येऊन लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी राखणदाराला आठवलं की त्याच्या जुन्या चपला खाली इंजिनाजवळ राहिल्या आहेत. टॉर्च घेऊन तो शिडी उतरला.

चपला सापडल्या. तरंगत होत्या.

शिडीच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. रोज सकाळी उपसलं, म्हणून त्या पाण्याला साठायला कधी एका दिवसाहून जास्त वेळ मिळालाच नव्हता. बोट रोज किती पाणी पिते ते कुणाला कळलंच नव्हतं, बाईंना नाही आणि त्यालाही नाही. पहिल्यांदा पंप थांबला आणि हे असं!

आता मूग गिळून गप्प बसावं, असंच त्याच्या मनात आलं. का येऊ नये? माणूस किती ताणून धरणार? चार दिवसांचा तर प्रवास. टगवर पंप असेलच. आणि बुडालीच वाटेत, तरी मोडायलाच चालली होती ना? त्याने चपला तशाच सोडल्या, वर आला, दार लावलं आणि कडी घातली.

डेकवर एक जाडगेला खलाशी वळकटी घेऊन उभा होता. ओढताना दोरखंडावर लक्ष ठेवायला टगवरची चार माणसं याच बोटीवर राहणार होती, त्यातला हा एक.

"काका, उंदीर कुठल्या खोलीत कमी आहेत हो?" त्याने विचारलं. "झोपलो की मला शुद्ध नसते. बायको म्हणते, घर पेटलं तरी तुम्ही घोरत राहाल."

राखणदार त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाली झोपू नकोस."

"बरं, मग वर पसरतो."

"वरही नको. आधी तुझ्या कप्तानाला बोलाव."

कप्तान खाली जाऊन आला. त्याने दोन कचकचीत शिव्या हासडल्या, मग राखणदाराच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी सर्व्हेअर बाई धावत आल्या. त्यांनी त्याला बोल लावला नाही, स्वतःचंच कपाळ चोळत राहिल्या. दुरुस्ती, मग पुन्हा तपासणी, तोवर समुद्र खवळणार. म्हणजे आता पुढचा हंगाम, आणि तोही कुणी सांगावा! गोदामातून पंप परत आला. नळी जोडायला राखणदारालाच हाक मारली, दुसऱ्या कुणाला ती नीट जोडता येत नव्हती.

पंप सुरू करून त्याने बायकोला फोन लावला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

पंपाचा आवाज तिलाही ऐकू जात असणार.

"त्या चौघांना बायकापोरं असतील?" तिने विचारलं.

"एकाला तरी आहे बायको."

"मग बरं केलंत."

"अगं, भांड ना जरा," तो म्हणाला.

"नाही हो. खरंच बरं केलंत." तिचा आवाज शांत होता, दमलेला होता. "जेवून घ्या वेळेवर. आणि तो कप्पा मी नातीला देऊन टाकते. तिचे कपडे खुर्चीवर पडलेले असतात."

फोन ठेवून तो गेटवर गेला. पहारेकऱ्याने त्याला येताना बघितलं. घरजावई म्हणून हाक मारली नाही, काही विचारलंही नाही. आत गेला आणि गादी घेऊन आला.