टेबलाखालची भाषा

टक.

दुपारची वेळ, घर चिडीचूप. धाकटी माझ्यावर डोके टेकवून पेंगत होती, कोपराशी घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग. आणि माझ्या पोटावर खालून कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी ती टकटक ऐकली आणि माझ्या सांध्यासांध्यांतून कळ गेली.

मी जेवणाचे एक जुने टेबल. आता नुसते जेवणाचे म्हणवत नाही. माझ्यावर इस्त्री असते, औषधाच्या बाटल्या असतात, विजेचे बिल असते आणि जागा उरली तर ताट. चार पाय असून जन्मात एक पाऊल चाललो नाही, तरी पाय दुखतात म्हटले तर हसू नका. उभे राहण्याचेही श्रम असतातच.

मोडीत निघालेल्या दारांच्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. घरी आणले तेव्हा धाकटीची आई म्हणाली, "अहो, हे डुगडुगतंय."

"टेबल सरळ आहे बाई. तुमची जमीन वाकडी आहे," सुतार म्हणाला आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून निघून गेला. तो पुठ्ठा अजून तिथेच आहे.

आई शिवणकाम करायची. माझ्यावर कापड पसरून बेतायची, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी खाली लोंबायचे आणि खाली एक खोली तयार व्हायची. त्या खोलीत थोरली आणि धाकटी या दोन बहिणींनी एक भाषा केली. आधी गुपिते बोलायला केली. पुढे गुपिते संपली, भाषा उरली.

पाण्याला त्या 'लुमी' म्हणत. होकार दोन होते. मनापासूनचा 'ओरे' आणि मोठ्यांच्या धाकाचा 'ओरेत'. त्या भाषेत हुकूम सोडताच येत नसे. 'दे', 'आण', 'ऊठ' असले शब्द त्यांनी केलेच नाहीत. तहान लागली की 'आपण लुमी' म्हणायचे आणि दोघींनी उठायचे.

"एका ग्लासाला दोघी कशाला गं?" आई तोंडातल्या टाचण्या सांभाळत विचारायची.

नवा शब्द करण्याची रीत तर मोठी कडक. एकीने शब्द सुचवायचा, मग दोघींनी एकदम माझ्या पोटावर टकटक करायची. एकीने जरी बोट उचलले नाही, तरी तो शब्द बाद.

"पालीला 'सुलूल'," थोरली म्हणाली होती.

"छे! पाल अशी हळूहळू नसते."

"मग कशी असते, पंडितबाई?"

"आधी नसते. मग एकदम असते."

थोरलीने विचार केला. "टिप्प?"

टकटक! दोघींची, एकाच वेळी.

पाहुणे यायचे, हात फिरवून म्हणायचे, "टेबल भक्कम आहे हो." मी वरून ऐकून घ्यायचो. माझा खरा अभिमान खाली होता.

मग धाकटीचे लग्न ठरले. सासरची माणसे जेवायला आली. बोलणे खुंटले आणि नुसते चमचे वाजू लागले. ती शांतता थोरलीला सोसवेना. "आमच्या धाकटीची एक भाषा आहे बरं का," ती म्हणाली आणि बोलून दाखवू लागली. लुमी काय, ओरे काय, ओरेत काय!

"म्हणजे आमच्या मुलाला हिने 'ओरेत' म्हटलं की काय?" एक काका म्हणाले. असा हशा पिकला की माझ्यावरची ताटे थरथरली. धाकटीही हसली. पण तिचा हात मांडीवर घट्ट मिटला होता.

मग सगळ्यांच्या नकळत थोरलीने हात खाली घातला आणि हळूच वाजवले. टक. चुकले, असे म्हणायला त्यांच्याकडे एवढेच होते.

मी वाट पाहिली. दुसरी टक आली नाही.

भांडण झाले असते तर परवडले असते. पुढे फोनवर "बरी आहेस ना?" "बरी आहे," एवढेच उरले. आई गेली. मी गॅलरीत रंगाचे डबे डोक्यावर घेऊन उभा राहिलो. एके दिवशी धाकटीने टेम्पो आणला. "हे कशाला? नवीन घेऊ की," तिचा नवरा म्हणाला. "राहू दे," ती म्हणाली. कारण सांगितले नाही.

आता तिची पोर पाच वर्षांची आहे. धाकटी दिवसभर दमते, आणि दमलेला माणूस शब्द निवडत बसत नाही. पोर तापली की धाकटीच्या तोंडून आपसूक निघते, "चल, आपण लुमी." एकदा तर झोपवताना दुसरी गोष्ट सुचेना, म्हणून तिने टकटकीची रीतही सांगून टाकली. पोरींचे कान म्हणजे काय सांगू!

आज थोरलीचा फोन आला होता. "उद्या कामासाठी तिकडे येतेय. तासभर घरी येऊ का?"

धाकटी म्हणाली, "बघते. कळवते." तेव्हापासून फोन माझ्यावर पालथा पडून आहे.

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडले तर पुसत जा, गरम भांडे ठेवू नका, हे तर सांगतोच. पण कुणी आपला घरचा शब्द विश्वासाने तुमच्या हातात ठेवला, तर तो चारचौघांच्या ताटात वाढू नका. माझ्यावरचे डाग निघतात. तो डाग निघता निघत नाही.

टक. पुन्हा.

"आई, खाली ये ना."

धाकटी उठली. गुडघे कडकडले. मान वाकवून, अंग चोरून ती पोरीशेजारी बसली. खोली तिला आता लहान पडते.

"मावशीला आपल्या भाषेत काय म्हणायचं?"

"तसा शब्दच नाही गं."

"का?"

"तेव्हा मावशी कुठे होती? आम्ही दोघी बहिणी होतो फक्त."

"मग करू या. तू आणि मी."

"तो शब्द तिच्याशिवाय कसा करणार, बाळा?"

धाकटीने हात वर केला आणि बोट माझ्या लाकडाला टेकवले. वाजवले नाही. तिच्या बोटाची ऊब मला लागत होती.

"आई, उद्या मावशीने वाजवलं, तर तू वाजवशील?"