आठवीच्या खोल्यांची सभा

गडमुडशिंगीतली आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं पोरगे सायकल काढून शहरात जातात, पोरी घरात बसतात. माझी नात सई यंदा सातवीत. तिला आठवी गावातच मिळाली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. खोल्या बांधायला बँक कर्ज द्यायला तयार होती, पण शाळेच्या संस्थेचा जुना नियम आडवा आला. पाच लाखांवर कर्ज काढायचं नाही. ती मर्यादा पंचवीस लाखांवर न्यायची, तर सभासदांच्या सभेत ठराव मंजूर व्हायला हवा. मीही सभासद. मालकांच्या नावावर नाही, स्वतःच्या वर्गणीच्या पावतीवर.

विरोधात बाळासो, तालमीचा वस्ताद. संस्थेचं अध्यक्षपद हुकल्यापासून संस्थेनं पाणी ओलं म्हटलं तर हा म्हणणार, कोरडं.

आमच्याकडं सभेला कोणी ऐकायला जात नाही, ओरडायला जातात. विषय निम्मा वाचून होतो न होतो तोवर पुढचे मंजूर म्हणतात, मागचे नामंजूर, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. म्हणून बाळासोनं तालमीतली पोरं आणून मागं उभी केलेली. गळे असे की गोठ्यातल्या म्हशी बिथराव्यात.

चिटणीस उभे राहिले. "विषय पहिला. शाळेला जागा देणारे कैलासवासी आकारामअण्णा यांना श्रद्धांज—"

"नामंजूऽऽर!"

वरचा पत्रा हादरला. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. आकारामअण्णा बाळासोचा सख्खा चुलता. त्याच्या तेराव्याला ह्याच पोरांनी बुंदी हाणलेली.

मी उठले. "काय रं बाळासो, चुलत्याचं मरणबी नामंजूर व्हय? मग आण की म्हाताऱ्याला माघारी! जागा दिली त्यानं, खोल्याबी तोच बांधंल."

सभा हसून लोळली. बाळासोची बायको संयोगिता माझ्या शेजारीच. तिनं तोंडात पदर कोंबला.

बाळासो लालबुंद होऊन मागं वळला. "गप बसा रं गाढवांनो! आता एकानं जरी तोंड उघडलं तर तालमीत पाय ठेवू देणार न्हाय!"

पैलवानच ते. वस्तादाचा शब्द खाली पडू देतात होय? तोंडं मिटली ती मिटलीच.

दोन मिनिटं उभं राहून झालं. चिटणीसांनी घसा खाकरला. "विषय दुसरा. कर्जमर्यादा पाच लाखांवरून—"

"मंजूर!" आम्ही बायका अशा ओरडलो की चिटणीसांचा चष्मा घसरला. मागं चिडीचूप. एक पोरगं ओरडू का म्हणून वस्तादाकडं बघत होतं, पण वस्तादाला आता कुठल्या तोंडानं सांगता येणार!

अध्यक्ष विजयसिंह म्हणाले, "विरोध कुणाचा हाय का?"

बाळासो उठायला लागला. तोवर संयोगिता कडाडली, "बसा खाली! आपली मोना कुठं जाणार आठवीला? तालमीत?"

बसला. खोल्या मंजूर.

घरी येऊन ऐटीत सईला सांगितलं. पोरीनं मला मिठी मारली, मग म्हणते, "पण आज्जी, आठवीला गणित कोण शिकवणार? मास्तर कुठाय?"

आता हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ना अध्यक्षाच्या, ना बँकेच्या, ना माझ्या.

"आधी वर छप्पर तर चढू दे," म्हटलं, "मास्तरबी धरून आणू."