हँडब्रेकचा निरोप

आमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. गाडीच्या शेडसाठी माझ्या नवऱ्यानं, तेजसनं, पप्पांची नारळाची चार झाडं तोडली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून जेवताना माझे सासरे मला म्हणतात, "मेघना, त्याला विचार, कोशिंबीर हवी काय." तो दीड हातावर बसलेला असतो. मी विचारते. "त्यांना सांग, नको." मी सांगते. दिवसभर बँकेत डोकं पिकवून आल्यावर घरी ही दुसरी नोकरी, तीही बिनपगारी.

गेल्या महिन्यात तेजसच्या डोक्यात डिस्क ब्रेकचं खूळ शिरलं. गाडी बारा वर्षांची, मागचे ड्रम ब्रेक ठणठणीत. पण यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. म्हणे, मागेही डिस्क असल्या की हायवेला गाडी जागच्या जागी थांबते. हायवेला हा जातो कधी? वर्षातून दोनदा, चांदीपला मावशीकडे!

गॅरेजवाल्या डेरिकनं, यानं भंगारातून उचललेला सेट पाहूनच सांगितलं, "अरे, ड्रम काढला की हँडब्रेक पण गेला. याला त्याची केबल लागत नाय. लागणारा सेट मागवतो, पंधरा दिवस थांब."

थांबेल तो तेजस कसला. "वसई सपाट आहे रे. गिअरमध्ये उभी करीन."

झालं. चाकांतून लालभडक रंगवलेले ब्रेक दिसायला लागले. हँडब्रेकची मोकळी केबल डेरिकनं खाली तारेनं बांधून टाकली. त्यामुळे आतला दांडा ओढला की पूर्वीसारखाच घट्ट लागायचा. धरत मात्र काहीच नव्हता.

बुधवारी रात्री तेजस मला म्हणाला, "पप्पांना सांग, हँडब्रेक नाहीये."

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलं होतं. मी म्हटलं, "जीभ आहे ना तुला? तूच सांग. मी आता एकही निरोप देणार नाही."

"बघू," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

रविवारी पप्पांनी गाडी धुवायला बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, उतारावर नेली. खाली पाण्याच्या कडेला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, विड्याची पानं धूत बसल्या होत्या. गिअरमध्ये उभी केली तर गिअर खराब होतो, हे पप्पांचं ठाम मत. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला आणि बादली काढायला मागे गेले.

मी वर कपडे वाळत घालत होते. गाडी हळूच हलताना दिसली. पप्पा मागून बंपर धरून ओढायला लागले. सत्तरीचा माणूस, गाडीबरोबर फरफटत निघाला. तेजस ओटीवरून ब्रश तोंडात घेऊन धावला, आईंचा दंड धरून त्यांना बाजूला खेचलं आणि ओरडला, "पप्पा, सोडा! सोडा तिला!"

पप्पांनी सोडलं. गाडी पानांच्या टोपलीवरून जाऊन काचेपर्यंत पाण्यात शिरली.

पप्पांनी थेट तेजसकडे पाहिलं. "हँडब्रेक कुठं गेला?"

"काढला. डिस्क बसवताना."

"मग सांगायचं नाय?"

"मेघनाला सांगितलं होतं मी."

"तिनं मला सांगायला नको?"

"तेच तर!"

तीन वर्षांनी तोंड उघडलं, ते यासाठी. आणि पहिल्याच बोलण्यात एकमत! दोघं शेजारी शेजारी उभे राहून माझ्याकडे पाहत होते. असा संताप आला की दोघांनाही गाडीपाठोपाठ बावखलात ढकलावं.

पण आई अजून चिखलातच बसल्या होत्या. त्यांच्या साडीला पानं चिकटली होती. आणि मला बुधवारपासून माहीत होतं. रोज सकाळी पप्पांच्या हातात चहा देताना माहीत होतं. मी खाली उतरले आणि आईंच्या साडीवरची पानं काढायला लागले.